फादर हेसबर्ग: ३५ वर्षं एकाच खुर्चीत. नेतृत्व म्हणायचं की मक्तेदारी?

पडवीतला

शिक्षणसंस्थेच्या प्रमुखाने किती वर्षं खुर्चीत बसावं, हा वाद आपल्याकडे दोन प्राध्यापक एका पंगतीला बसले की सुरू होतो आणि मठ्ठा येईपर्यंत संपत नाही. म्हणून एक टोकाचं उदाहरण इथे टाकतोय.

अमेरिकेत इंडियाना राज्यात साऊथ बेंड शहराला लागून नोटर डेम हे कॅथलिक विद्यापीठ आहे, १८४२ सालचं. १९५२ मध्ये तिथे फादर थिओडोर हेसबर्ग अध्यक्ष झाले. जन्म १९१७, म्हणजे वय अवघं ३५. पायउतार झाले १९८७ ला, वय ७०. अर्धं आयुष्य त्या एका खुर्चीत. एवढ्या काळात विद्यार्थी सुमारे पाच हजारांवरून साडेनऊ हजारांच्या वर गेले. वर्षाचा खर्च ९७ लाख डॉलरवरून १७ कोटींच्या पुढे आणि कायम निधी ९० लाखांवरून ३५ कोटींपर्यंत पोचला. ते आले तेव्हा देशाला हे विद्यापीठ अमेरिकी फुटबॉलसाठी माहीत होतं. गेले तेव्हा विद्यापीठ म्हणून माहीत होतं.

पण मला आकड्यांपेक्षा वेगळीच गोष्ट मोठी वाटते. १९६७ मध्ये या माणसाने आपल्याच धर्मसंघाला विद्यापीठाची मालकी सोडायला लावली आणि कारभार विश्वस्त मंडळाकडे दिला. त्या मंडळात बहुसंख्य लोक धर्मगुरू नसलेले, साधे प्रापंचिक होते. त्याच वर्षी विस्कॉन्सिनमधल्या लँड ओ'लेक्स इथे त्यांनी कॅथलिक विद्यापीठांच्या प्रमुखांची बैठक घेतली. तिथून जे निवेदन निघालं त्याचा मथितार्थ असा, की विद्यापीठ खरं विद्यापीठ व्हायचं तर त्याला बाहेरच्या कुठल्याही सत्तेपासून स्वातंत्र्य हवं, मग ती सत्ता चर्चची का असेना.

आता प्रश्न. सत्ता वाटून टाकायला आधी ३५ वर्षं सत्तेत बसावं लागतं का? की हे काम सहा वर्षांत आटपून घरी जाता आलं असतं?

टवाळखोर_तात्या

हा धागा आमच्या सोसायटीच्या चेअरमनना दाखवू नका. त्यांची आत्ता कुठे एकोणीस झालीत.

वसईकर

चांगला विषय. थोडी आतली रचना सांगतो, नाहीतर चर्चा आपल्या संस्थाचालकांच्या मापाने व्हायची.

हेसबर्ग होली क्रॉस या धर्मसंघाचे. संघात माणूस अर्ज करून पदावर जात नाही, वरिष्ठ नेमतात आणि आपण जायचं. दुसऱ्या महायुद्धात त्यांना नौदलात चॅप्लेन, म्हणजे सैनिकांसोबतचा धर्मगुरू, व्हायचं होतं. संघाने सांगितलं, नोटर डेमला जाऊन शिकवा. गेले. युद्धावरून परतलेले, बायकापोरं असलेले विद्यार्थी तिथे राहायचे, त्या वस्तीची आध्यात्मिक जबाबदारी त्यांच्याकडे आली. १९४९ मध्ये कार्यकारी उपाध्यक्ष आणि तीन वर्षांनी अध्यक्ष. आधीचे अध्यक्ष फादर कॅव्हनॉ यांनी खोलीची किल्ली दिली आणि वर सांगितलं, आज संध्याकाळी माझं एक भाषण ठरलंय, आता अध्यक्ष तू, ते तूच दे. पदग्रहण समारंभ एवढाच!

आता ३५ वर्षांबद्दल. मुळात तो अध्यक्ष त्या आवारातल्या धर्मगुरूंचा वरिष्ठही असायचा, आणि चर्चच्या कायद्याप्रमाणे वरिष्ठाला सहा वर्षांपलीकडे राहता येत नाही. त्या हिशेबाने १९५८ ला ते उतरायला हवे होते. तेव्हा दोन पदं वेगळी केली, वरिष्ठ दुसरा आणि अध्यक्ष हेच. म्हणजे पडवीतले, सहा वर्षांची सोय होती. ती मोडून पुढे गेले.

दुसरं, दारिद्र्याचं व्रत. पगार नाही, घर नाही, मुलांसाठी संस्था नाही. आपल्याकडच्या मक्तेदारीत आणि या मक्तेदारीत हा फरक लहान नाही.

टवाळखोर_तात्या

वसईकर, मुलांसाठी संस्था नाही हे वाक्य आमच्या जिल्ह्यात मोठ्याने म्हणू नका हो. निम्मी कॉलेजं बंद पडतील.

साऊथबेंडची_सून

माझ्या सासरचं गाव! लग्न होऊन आले तेव्हा हेसबर्ग निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गावात विषय तेच. तिथे सगळे त्यांना फादर टेड म्हणतात, किराणा दुकानात सुद्धा.

विद्यापीठाच्या चौदा मजली ग्रंथालयाच्या दर्शनी भिंतीवर येशूचं प्रचंड चित्र आहे, हात वर केलेले. ते फुटबॉलच्या मैदानातून दिसतं आणि टचडाउन, म्हणजे आपल्या भाषेत गोल, झाल्यावर पंच जसे हात वर करतो तसंच दिसतं, म्हणून पोरांनी त्याचं नाव पाडलंय टचडाउन जीझस. ग्रंथालय १९६३ मध्ये उघडलं, हेसबर्गांचीच कल्पना. १९८७ मध्ये त्याला त्यांचं नाव दिलं.

तिथला एक जुना विनोद सांगते. देव आणि फादर हेसबर्ग यांच्यात फरक काय? देव सगळीकडे असतो. हेसबर्ग सगळीकडे असतात, फक्त नोटर डेममध्ये नसतात. :)

आणि हा विनोद खरा पडण्यामागे एक माणूस होता, फादर नेड जॉइस. तेही पूर्ण ३५ वर्षं कार्यकारी उपाध्यक्ष. पैसा, बांधकाम, खेळ सगळं त्यांच्याकडे. हेसबर्ग वॉशिंग्टनला, रोमला, व्हिएन्नाला जायचे ते मागे जॉइस होते म्हणून. पुढाऱ्यांच्या चरित्रांत हा दुसरा माणूस नेहमी तळटीपेत जातो. तो नसता तर पहिला दर आठवड्याला विमान पकडू शकला असता का?

निमकर_मास्तर

मी ३१ वर्षं महाविद्यालयात काढली, त्यातली शेवटची काही प्राचार्य म्हणून, तेव्हा थोडा कडवट लिहिणार आहे.

पहिल्या पोस्टमधले आकडे काहीच सिद्ध करत नाहीत. १९५२ ते १९८७ हा अमेरिकी उच्च शिक्षणाचा सुवर्णकाळ. परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला, मग त्यांची पोरं वयात आली, १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडल्यावर संशोधनाला पैशांचा पूर आला. त्या काळात ज्या विद्यापीठाचा अध्यक्ष नुसता झोपून राहिला तेही दुप्पट झालं. शिवाय डॉलर तोच राहिला होता का? महागाई वजा करून सांगा, मग टाळ्या वाजवू.

आणि व्यक्तिपूजेचा मला कंटाळा आहे. संस्था एका माणसाच्या नावाने ओळखली जाऊ लागली की तिच्यात विचार करणारी माणसं कमी आणि वाट बघणारी जास्त होतात.

पडवीतला

मास्तर, महागाईचा मुद्दा रास्त. तरी एक बघा. १९६० मध्ये फोर्ड फाउंडेशनने मोजक्या खाजगी विद्यापीठांना मोठी देणगी देऊ केली. नोटर डेमला ६० लाख डॉलर, अट अशी की तुम्ही त्याच्या दुप्पट उभे करा. त्या यादीत स्टॅनफर्ड, जॉन्स हॉपकिन्स होते. दहा वर्षांपूर्वी नोटर डेमचं नाव त्या पंगतीत कुणी घेतलं नसतं. पूर सगळ्यांकडे आला हे मान्य, पण कुणाच्या शेतात किती पाणी वळलं हा प्रश्न उरतोच.

अध्यक्ष झाल्यावर लगेचचा किस्सा आहे. पश्चिम किनाऱ्यावर गेले असता पत्रकार परिषदेला फक्त खेळाचे बातमीदार आले. एकाने फुटबॉल हातात देऊन पोझ मागितली. यांनी नकार दिला आणि विचारलं, येलच्या अध्यक्षांना तुम्ही असं सांगाल का? पस्तिशीच्या माणसाने पहिल्याच वर्षी ठरवलं होतं की आपली तुलना कोणाशी व्हायला हवी.

रोखठोक_राणे

सगळं छान छान चाललंय. शेवटी मिशनरीच ना? शाळा, कॉलेज, दवाखाना, मग हळूच धर्मांतर. आपल्याकडे काय झालं ते विसरलात वाटतं.

वसईकर

राणेसाहेब, नोटर डेममध्ये धर्मांतर करायला उरलंय कोण? तिथे जी पोरं जातात ती बहुतेक आधीच कॅथलिक असतात. उलट त्यांच्या आज्या जपमाळ ओढत असतात की पोरगा चार वर्षांनी कॅथलिकच परत येऊ दे.

आपल्याकडचं विचारत असाल तर वेगळी चर्चा होऊ शकते आणि व्हावी. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले, मराठी शिकले, शाळा काढली. १८३९ मध्ये त्यांच्याकडे शिकणाऱ्या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मुंबईत केवढा गहजब झाला! कोर्टकज्जे झाले, पालकांनी धडाधड मुलं काढून घेतली. त्या रागाला कारण होतं, हे मी ख्रिस्ती असूनही म्हणतो. पण तेच विल्सन पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि त्यांच्या नावाचं कॉलेज गिरगाव चौपाटीसमोर आजही उभं आहे. तिथून किती हिंदू, पारशी, मुसलमान शिकून गेले त्याची गणती नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या.

रोखठोक_राणे

विल्सन कॉलेजात माझा काका होता. कॅन्टीन चांगलं होतं म्हणे. बाकी माझं मत कायम.

नगरी_नाना

विल्सन निघालेच आहेत तर आमच्या नगरचं नाव का नाही? भास्कर पांडुरंग हिवाळे. नाव बघा, भास्कर पांडुरंग, आणि माणूस ख्रिस्ती. १९४७ मध्ये अहमदनगर कॉलेज काढलं. नगर जिल्ह्यात तोवर कॉलेज नव्हतं, पोरं पुण्याला जायची नाहीतर घरी बसायची. अमेरिकन मराठी मिशनने नगरला शंभर वर्षं शाळा चालवल्या, पण हे कॉलेज काढणारा माणूस इथला होता.

माझे वडील त्या कॉलेजात होते. सायकलवर भाकरी बांधून यायचे आणि वसतिगृहातल्या मित्राच्या खोलीत खायचे. नगरात निम्म्या घरांत असा एक तरी माणूस सापडेल. हेसबर्गांनी कोट्यवधी डॉलर उभे केले ते ठीक, पण दुष्काळी जिल्ह्यात १९४७ साली कॉलेज उभं करणं हे काय कमी धाडसाचं होतं?

टवाळखोर_तात्या

नाना, तुमच्या पोस्टमध्ये मिसळ कशी नाही आली? तब्येत बरी आहे ना?

संपादक

धर्मांतरावर स्वतंत्र धागा काढता येईल. मिसळीवर आधीच सात आहेत. इथे विषयाला धरून लिहावं ही विनंती.

वकीलीणबाई

मला या प्रकरणातली उलटी गंमत दिसते.

आपल्या राज्यघटनेच्या कलम ३० ने धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क दिलाय. १९७४ मध्ये अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठासमोर हाच वाद होता. गुजरात विद्यापीठाच्या कायद्यातल्या काही तरतुदींमुळे कॉलेजच्या कारभारात बाहेरची माणसं घुसत होती. कॉलेजचं म्हणणं, आमचा कारभार आम्हाला करू द्या. बहुमताने ते मान्य झालं. म्हणजे आपल्याकडे ख्रिस्ती कॉलेज स्वायत्तता मागतं ते सरकारकडे, आणि चर्च त्याच्या पाठीशी असतं.

हेसबर्गांनी स्वायत्तता मागितली ती चर्चकडे. आणि नुसती १९६७ मध्ये नाही. १९५४ मध्ये नोटर डेमच्या छापखान्याने एक निबंधसंग्रह काढला, त्यात जॉन कोर्टनी मरी या जेझुइट धर्मसंघातल्या विचारवंताचा लेख होता. धर्मस्वातंत्र्याबद्दलची त्यांची मतं रोमला खुपत होती. पुस्तक बाजारातून मागे घ्या म्हणून वरून दबाव आला. हेसबर्गांनी ऐकलं नाही. पुढे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्याचं जे घोषणापत्र काढलं, त्याच्या घडणीत हेच मरी होते.

आज्ञापालनाचं व्रत घेतलेल्या माणसाने अध्यक्षपदाच्या दुसऱ्या वर्षी हे करणं मला त्या सगळ्या कोटींपेक्षा मोठं वाटतं. इमारती काय, कोणीही बांधतो.

उनाडपंत

अजून कोणी नागरी हक्क आयोगाचा विषय काढला नाही? माझ्या मते हेसबर्गांचं नेतृत्व बघायचं तर तिथे बघावं, विद्यापीठात नंतर.

१९५७ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरने वंशभेदाची चौकशी करायला हा आयोग नेमला. सहा सदस्य, उत्तरेचे आणि दक्षिणेचे साधारण निम्मे निम्मे. म्हणजे काही होऊ नये अशीच रचना. हे लोक दक्षिणेत सुनावण्या घ्यायला निघाले, तर एक सदस्य कृष्णवर्णीय असल्यामुळे हॉटेलं सगळ्यांना एकत्र ठेवायला तयार नव्हती. राष्ट्राध्यक्षाने नेमलेला आयोग, आणि मुक्काम हवाई दलाच्या तळावर! १९५९ मध्ये लुईझियानातल्या श्रीव्हपोर्टला तर न्यायालयाच्या आदेशाने सुनावणीच अडवली गेली. वर उकाडा. अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा सगळे वैतागलेले.

हेसबर्गांनी काय करावं? विमानाची सोय करून सगळ्यांना उचललं आणि थेट विस्कॉन्सिनमध्ये नेलं, लँड ओ'लेक्सला. तिथे विद्यापीठाची तळ्याकाठची जागा आहे. गार हवा, जेवण, पेय, आणि मासेमारी. सगळे सदस्य मासे पकडण्याचे शौकीन निघाले. त्या रात्री शिफारशींवर एकेक करून चर्चा झाली आणि जवळपास सगळ्या एकमताने संमत झाल्या. दक्षिणेतले माजी गव्हर्नर त्यात होते बरं का. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा यांत त्या आयोगाच्या कामाचा मोठा वाटा आहे.

१९६४ च्या जूनमध्ये शिकागोच्या सोल्जर फील्डवर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सभेला हे गेले. दोघे हातात हात गुंफून गातायत असा फोटो आहे, तो वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयात आहे.

१९६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सनने त्यांना आयोगाचं अध्यक्ष केलं आणि मग पस्तावला, कारण हे त्याच्याच सरकारचे वाभाडे काढू लागले. १९७२ ची निवडणूक जिंकल्या जिंकल्या राजीनामा मागून घेतला.

निमकर_मास्तर

उनाडपंत, किस्सा सुंदर आहे. पण मग साऊथ बेंडला कोण होतं? आयोग, अणुऊर्जा संस्थेत व्हॅटिकनचे प्रतिनिधी, रॉकेफेलर फाउंडेशनचे आधी विश्वस्त मग अध्यक्ष, राष्ट्राध्यक्ष फोर्डच्या काळात लष्करभरती चुकवलेल्यांच्या माफीचं मंडळ. राष्ट्राध्यक्षांच्या नेमणुका सोळा. मानद पदव्या दीडशे. मानद पदवी घ्यायला सुद्धा एक दिवस जातो हो! आमच्याकडे प्राचार्य दोन समित्यांवर गेला तरी वेळापत्रक कोलमडतं.

साऊथबेंडची_सून

मास्तर, रात्री. त्यांची खोली रात्री एक-दोनपर्यंत उघडी असायची आणि दिवा दिसला की विद्यार्थी वर जायचे, असं तिथले सगळे जुने लोक सांगतात. माझे सासरे तिथेच शिकले. ते एकदा गेले होते, फी परवडत नाही म्हणून कॉलेज सोडतो सांगायला. काय बोलणं झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण कॉलेज सोडलं नाही.

लाल_दिवा

आरती संपली असेल तर दुसरी बाजू.

फेब्रुवारी १९६९. व्हिएतनामवरून देशभर विद्यार्थी पेटलेले. हेसबर्गांनी पत्र काढलं: जो कोणी बळाने किंवा अडथळा आणून विद्यापीठाचं काम थांबवेल त्याला विचार करायला पंधरा मिनिटं मिळतील. नाही थांबला तर निलंबन, तरी नाही थांबला तर हकालपट्टी. निक्सनने कौतुकाचं पत्र पाठवलं. वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सीआयए आणि नापाम हे युद्धातलं जाळणारं रसायन बनवणाऱ्या डाउ केमिकलच्या भरतीविरुद्ध मुलं आडवी झाली, आणि त्या नियमाखाली दहा जणांवर कारवाई झाली. किंगच्या हातात हात घालणारा माणूस स्वतःच्या अंगणातल्या सत्याग्रहींना पंधरा मिनिटं मोजून देतो. याला काय म्हणायचं?

उनाडपंत

लाल दिवा, कारवाई कठोर होती यात वाद नाही. पण अर्धीच गोष्ट सांगितलीत. कौतुक केल्यावर निक्सन सरकारने आंदोलनांविरुद्ध केंद्रीय कायदा करायचं मनात घेतलं. उपराष्ट्राध्यक्ष ॲग्न्यू राज्यांच्या गव्हर्नरांना भेटणार होते. तेव्हा याच हेसबर्गांनी ॲग्न्यूंना कळवलं की असले कायदे नकोत, विद्यापीठं आपलं आपण बघतील. त्या पत्राचा उद्देशच सरकारला आत येऊ न देण्याचा होता. पोरांना दटावायचं ते घरातल्याने, पोलिसाने नाही. आणि १९७० च्या मे महिन्यात अमेरिकेने कंबोडियावर हल्ला केला, केंट स्टेट विद्यापीठात सैनिकांच्या गोळीबारात विद्यार्थी मारले गेले, तेव्हा युद्ध थांबवा म्हणून ते विद्यार्थ्यांसमोर उभे राहिले. त्या निवेदनावर हजारो विद्यार्थ्यांनी आणि गावकऱ्यांनी सह्या केल्या.

लाल_दिवा

घरातल्याने दटावायचं हा युक्तिवाद मी प्रत्येक हुकूमशहाच्या भक्ताकडून ऐकलाय. हेसबर्ग हुकूमशहा नव्हते, मान्य. पण त्या दहांपैकी एकाचा बाप असतो तर मला हे पितृवात्सल्य पचलं नसतं.

कुंदाताई_दादरकर

तुम्हा सगळ्यांच्या पोस्टी वाचल्या. सगळे पुरुष, सगळ्या गोष्टी पुरुषांच्या. नोटर डेममध्ये पदवीच्या वर्गात मुली कधी आल्या? १९७२! हेसबर्ग अध्यक्ष होऊन वीस वर्षं झाली होती. नागरी हक्कांसाठी देशभर फिरणाऱ्या माणसाला आपल्या दारात मुली नाहीत हे दिसलं नाही? आमच्या मुंबईत १८८० च्या दशकात मुली कॉलेजात जात होत्या.

आणि १९७२ मध्ये आल्या त्याही कशा? रस्त्यापलीकडे सेंट मेरीज हे मुलींचं कॉलेज होतं, नन्सनी चालवलेलं. १९७१ मध्ये दोन्ही एक करायचं ठरलं. बोलणी फिस्कटली, कारण सेंट मेरीजच्या बायकांना कळलं की एकत्र येणं म्हणजे आपलं विरून जाणं. मग नोटर डेमने स्वतःच मुली घ्यायला सुरुवात केली. सेंट मेरीज आजही स्वतंत्र आहे. शाब्बास त्यांची.

साऊथबेंडची_सून

कुंदाताई, +१००. माझी नणंद सेंट मेरीजची. हे वाचून खूश होईल.

पण एवढं म्हणेन की माजी विद्यार्थ्यांचा विरोध फार होता. देणग्या बंद करू अशा धमक्या यायच्या. मुलींना प्रवेश हा आपल्या कारकिर्दीतला मोठा निर्णय असं ते पुढे नेहमी सांगायचे. १९६७ चं हस्तांतर आणि हा, हे दोन.

कुंदाताई_दादरकर

वीस वर्षं थांबून घेतलेला निर्णय मोठाच वाटतो, बाई.

शेअरखान्देशी

अवांतर: कुठेतरी वाचलंय की हेसबर्ग एसआर-७१ विमानात बसले होते? ते आवाजाच्या तिप्पट वेगाचं हेरगिरीचं विमान? खरं आहे का? कॉलेजचा अध्यक्ष?

उनाडपंत

खरं आहे. राष्ट्राध्यक्ष कार्टरकडे हट्ट धरला होता, १९७९ मध्ये बसले. विमानांचं वेड लहानपणापासून. अंतराळात जायलाही तयार होते.

निमकर_मास्तर

म्हणूनच नोटर डेममध्ये सापडत नव्हते.

पडवीतला

=)) मास्तर!

बरं, मूळ प्रश्नाकडे येऊ का? मला १९६७ च्या हस्तांतराबद्दल एक धागा सापडलाय असं वाटतं. १९४५ मध्ये हेसबर्गांनी वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठात डॉक्टरेट केली. विषय होता प्रापंचिकांचं चर्चमधलं काम: बाप्तिस्मा घेतलेल्या साध्या माणसालाही चर्चच्या कार्यात अधिकाराने वाटा आहे, असा त्याचा रोख. व्हॅटिकन परिषदेच्या वीस वर्षं आधी. म्हणजे १९६७ मध्ये त्यांनी जे केलं ते वारा बघून केलेलं नव्हतं, प्रबंधात लिहिलेलं २२ वर्षांनी अमलात आणलं. मला तर वाटतं ३५ वर्षांच्या बाजूने हाच सगळ्यात चांगला मुद्दा. काही कल्पना पिकायला वेळ लागतो आणि पिकवणारा माणूस जागेवर असावा लागतो.

वसईकर

पडवीतले, धागा बरोबर पकडलात. पण आमच्या बाजूची तक्रारही ऐका, कारण ती खरी आहे आणि अजून चालू आहे.

लँड ओ'लेक्सनंतर अमेरिकेतल्या अनेक कॅथलिक विद्यापीठांत कॅथलिक काय उरलं, असं विचारणारे लोक चर्चमध्ये बरेच आहेत. प्राध्यापक नेमताना श्रद्धा बघायची नाही, शिखरावरच्या विद्यापीठांशी बरोबरी करायची, आणि हळूहळू आपण त्यांच्यासारखेच झालो तर वेगळं राहायचं कशाला? पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९० मध्ये कॅथलिक विद्यापीठांसाठी जी घटना काढली त्यात बिशपांचा अधिकार पुन्हा ठासून मांडलाय. आणि २००९ मध्ये नोटर डेमने ओबामांना पदवीदान समारंभाला बोलावलं तेव्हा गर्भपाताच्या मुद्द्यावरून कितीतरी बिशपांनी जाहीर निषेध केला. गंमत अशी की ओबामांनी त्या भाषणात उनाडपंतांनी सांगितलेली मासेमारीचीच गोष्ट सांगितली. हेसबर्गांच्या स्वतःच्या संघातल्या एका धर्मगुरू इतिहासकाराने २०१९ मध्ये लिहिलेलं चरित्रही चांगलंच टीकेचं आहे. सत्तावर्तुळात वावरायची हौस त्यांना महाग पडली असा त्याचा सूर.

मी स्वतः अधेमधे आहे. आमच्या वसईत फादर दिब्रिटोंनी पाण्यासाठी, जमिनींसाठी लढा दिला, पुढे उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हाही कुजबुज होतीच की फादरने मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, करावी, हे उद्योग कशाला. आम्हाला त्यांचा अभिमान होता. त्यामुळे हेसबर्गांना फिरतीबद्दल दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. विद्यापीठाच्या आत्म्याचं काय झालं हा प्रश्न मात्र मी सोडणार नाही.

वकीलीणबाई

वसईकर, एक कायदेशीर खाच. मालकी पूर्ण सोडली असं म्हणता येत नाही. विश्वस्त मंडळाच्या वर बारा जणांचं एक मंडळ ठेवलंय, फेलोज. सहा होली क्रॉसचे आणि सहा प्रापंचिक. विश्वस्त निवडायचे ते यांनी. आणि अध्यक्ष होली क्रॉसचा धर्मगुरूच असला पाहिजे हा नियम आजही आहे. १९८७ मध्ये मलॉय, २००५ मध्ये जेन्किन्स, २०२४ मध्ये डाउड, सगळे त्याच संघाचे. मसुदा करणारा हुशार होता. घर दिलं, पण देवघराची किल्ली ठेवली.

निमकर_मास्तर

हे आधी सांगायला हवं होतं! म्हणजे एवढ्या मोठ्या देशातून अध्यक्ष शोधायचा तो काहीशे धर्मगुरूंमधून. आमच्याकडे याला राखीव जागा म्हणतात.

तरी पडवीतल्यांना उत्तर देतो, कारण प्रश्न त्यांनी सरळ विचारलाय. सहा वर्षांत झालं असतं का? नाही. संघातल्या म्हाताऱ्यांनी एखाद्या नवख्याच्या सांगण्यावरून सव्वाशे वर्षांची मालमत्ता सोडली नसती. पंधरा वर्षं ज्याचं काम बघितलं त्याच्या शब्दावर सोडली. एवढं मान्य. पण मग १९६७ नंतर, फार तर १९७२ नंतर, उठायला हवं होतं. मुली आल्या, मालकी गेली, निक्सनने आयोगावरून काढलं, पंचावन्न वय. पुढच्या पंधरा वर्षांत वर कोणीही एक मोठा निर्णय सांगितलेला नाही, बघा पुन्हा वाचून.

उनाडपंत

१९८६ चं शांतता अभ्यास केंद्र? मॅकडोनाल्ड्सवाल्या क्रॉक यांच्या पत्नीने ६० लाख डॉलर दिले त्यासाठी. हेसबर्गांचं अण्वस्त्रविरोधी भाषण ऐकून.

निमकर_मास्तर

ते अध्यक्षपद सोडूनही करता आलं असतं. उलट जास्त वेळ मिळाला असता.

नगरी_नाना

मास्तर आज फॉर्मात आहेत. पण हेसबर्ग उठल्यावर काय केलं ते कोणी सांगा की. आमच्या इथले संस्थापक उठतात ते शेजारच्या केबिनमध्ये बसायला.

साऊथबेंडची_सून

नाना, ते मला माहितीये. १९८७ मध्ये हेसबर्ग आणि जॉइस दोघेही एकदमच निवृत्त झाले आणि साऊथ बेंडमधून चक्क निघून गेले. राहायची सोय असलेली मोठी मोटरगाडी घेतली, दोघं म्हातारे आळीपाळीने चालवत अमेरिकेच्या पश्चिम भागात फिरले. मग बोटीवर चॅप्लेन म्हणून जगभर गेले. नव्या अध्यक्षाच्या पहिल्या वर्षात आवारात दिसायचंच नाही असं ठरवून. परत आले ते ग्रंथालयाच्या तेराव्या मजल्यावरच्या खोलीत. २०१५ मध्ये ९७ व्या वर्षी गेले.

निमकर_मास्तर

वर्षभर गावाबाहेर? हे बरं केलं. आमच्याकडे माझ्या आधीचे प्राचार्य निवृत्तीनंतर रोज अकरा वाजता स्टाफरूममध्ये चहाला यायचे आणि हजेरीपट बघायला मागायचे.

टवाळखोर_तात्या

मास्तर, खरं सांगा, तुम्ही आता किती वाजता जाता?